हातचा एक

ताता गेला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता.
भूमय्या कोडम, साखर पेठ,
पत्र्याखालच्या आठ मागांतला पाचवा माग.
काम: पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडणं.
भोक असेल तर हुक वर, हुकामागे धागा वर.
कोरं असेल तर गप्प.
एवढ्यावर त्याचा मोर नाचायचा,
डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यासकट.

अडतीस साली, गड्ड्याच्या जत्रेआधी,
मुकादमानं हिशेब मांडला:
नऊ आणे आणि अकरा आणे, झाले चार आणे.
हातचा रुपया त्यानं खाल्ला.
ताता भांडला नाही.
तोंडी हिशेबात ज्याचं तोंड मोठं त्याचा आकडा खरा,
एवढंच घरी येऊन म्हणाला,
आणि रात्री मोराचे पत्ते उतरवून
त्यानं बेरजेचे ओवले.

चार ठिपके लगेच उमटले. हातचा उमटेना.
माग विणतो, पण विणलेलं त्याला दिसत नाही.
मागाला मागचं आठवत नाही.
मग तातानं कापडाच्या काठावरून एक सुतळी
आढ्याच्या बांबूवरून फिरवून
परत हुकाला नेऊन बांधली.
म्हणजे आता कापडच मागाला सांगणार होतं,
इथवर आलोय, पुढचं बघ.

पहाटे वरच्या ओळीत एक ठिपका आला.
रुपया.

समजा, शेठनं ती चादर उजेडात धरली असती.
तर हे यंत्र अक्कलकोट रोडला वाढलं असतं,
तेलकट, कानठळ्या बसवणारं, अंगावर सूत उडवणारं.
चूक झाली की लोक म्हणाले असते, गाठ आलीय,
आणि कुणीतरी नखानं सोडवली असती.
जग रुपया-आण्यांत, सोळाच्या पटीत मोजलं गेलं असतं.
आठवणींच्या घड्या करता आल्या असत्या,
कंबर तलावाच्या काठावर
अख्ख्या जिल्ह्याची जनगणना वाळत पडली असती
आणि एखादी शेळी
बार्शी तालुक्याचा कोपरा चघळत उभी.
लांबच्या देशांतली पोरं स्टेशनवर उतरली असती,
कडक भाकरी कशी मोडायची ते शिकत,
चुकली की तेलुगूत शिव्या खात.

हे सगळं मी नायनाला एकदा सांगितलं.
तो विडीचा कट्टा शोधत होता.
म्हणाला, आणि मुकादम?
मी म्हटलं, त्याचं काय?
म्हणाला, तो कुठं जातो? यंत्र त्यानंच चालवलं असतं.
पहिला हिशेब कापाकापीचाच लावला असता,
आणि या खेपेला चूक कुणाला सापडलीही नसती.

शेठनं चादर उजेडात धरली नाही.
डिझाइन बिघडलंय, म्हणाला. सेकंड माल.
किंमत तातावर लावली,
रुपया चार आणे.
बरोब्बर तेवढीच, हे आमच्याकडे
हसत सांगतात.

चादर घरी आली. तिच्याखाली तीन पिढ्या झोपल्या.
मी विडी घरकुलच्या शाळेत नववीला संगणक शिकवते.
इतिहासाच्या धड्यात सनावळ्या आहेत, त्या मी फळ्यावर लिहिते,
आणि वर्षातून एकदा ती चादर बाकावर पसरते.
अकराव्या ओळीपर्यंत बेरजा बरोबर आहेत.
मग ठिपके घसरतात,
आणि पुढं टोकापर्यंत नुसतं पांढरं.

यंदा श्रावणी गाजुल खाली वाकली,
काठावरनं बोट फिरवत राहिली.
तिचा बाप टॉवेलच्या कारखान्यात आहे.
"बाई, सुतळी लांबली असणार. सुतळी ताण खाते.
रेशीम लावायला पाहिजे होतं."

रेशीम होतं, मी म्हटलं.
शेठच्या कपाटात.